मोठ्या बाईंचे तीन मार्क

या परीक्षेत मार्क जितके जास्त, तितका माणूस वाईट अवस्थेत. शून्य म्हणजे ठणठणीत, आणि विशीच्या पुढे गेला की नातेवाइकांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायचं. स्ट्रोकचा पेशंट आला की नर्सनं खाटेशी उभं राहून ती घ्यायची: महिना कोणता, वय किती, डोळे मिटा, मूठ वळा, दात दाखवा, दोन्ही हात समोर धरून ठेवा. हात खाली येतो का ते दहा आकडे मोजेपर्यंत बघायचं, पायाला पाच. शेवटी कार्डं दाखवून बोलणं तपासायचं. सगळी बेरीज करून जो आकडा येईल तो फोनवर शहरातल्या डॉक्टरांना कळवायचा, कारण या हॉस्पिटलात मेंदूचा डॉक्टर कधी टिकलाच नाही. व्हिडिओचा कॅमेरा होता, पण तो सहा महिने बंद होता. म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे नर्सच्या आकड्यावर ठरायचं. झटका आल्यापासून साडेचार तासांत दिलं तर दिलं, नंतर उपयोग नाही.

ही परीक्षा इथे आणली मोठ्या बाईंनी, म्हणजे इथल्या जुन्या मेट्रननं. कार्डंही त्यांनीच बनवली. चित्राच्या कार्डावर शिडीवर चढून भिंत रंगवणारा माणूस, त्याच्या हातून कलंडलेला डबा आणि खाली बसलेलं मांजर. वस्तूंच्या कार्डावर किल्ली, खुर्ची, पीस, कात्री, हातमोजा. वाचायच्या कार्डावर तीन वाक्यं: दार लावून घे. तो कामावरून लवकर घरी आला. रेडिओवर काल बातमी ऐकली. वीस-बावीस वर्षं त्यांनी ही कार्डं पेशंटपुढे धरली आणि नर्सच्या दहा-बारा बॅचेसकडून घोटून घेतली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दर बुधवारी अकरा वाजता कडक इस्त्रीची साडी नेसून त्या नव्या पोरींना शिकवायला हजर असायच्या. हॉस्पिटलनं बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असं सांगायची कुणाची छाती नव्हती.

आणि या मोठ्या बाईंची सून त्याच हॉस्पिटलात नर्स होती. पंधरा वर्षं नोकरी झाली, दोन वेळा उत्कृष्ट नर्सचं प्रशस्तिपत्रक मिळालं, तरी सफाईवाल्या मावशींपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला 'सूनबाई'च म्हणत. प्रेमानं म्हणत, हे खरं. पण पंधरा वर्षं कुणी प्रेमानं दाताखाली खडा ठेवला तर दात दुखायचा तो दुखतोच.

मोठ्या बाईंचा नियम एकच होता. "दिसेल ते लिहायचं. वाटेल ते नाही." बोलण्याचा मार्क द्यायचा तो फक्त कार्डावरून. पेशंट कार्डाबाहेर काय बडबडला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

नऊ वर्षांपूर्वी एक शिंपी पेशंट म्हणून आला होता. त्यानं कार्डं धडाधड वाचली. पण सूनबाईनं सहज दुकानाबद्दल विचारलं, तर बिचारा भलतंच काहीतरी सांगायला लागला. तिनं बोलण्याला एक मार्क लिहिला. मोठ्या बाईंनी कागद हातात घेतला आणि सगळ्या पोरींसमोर विचारलं, "कार्डावर अडखळला का?"

"नाही, पण मला वाटलं..."

"मग हा एक मार्क कुठून आणलास? माहेरून?" पोरी हसल्या. बाईंनी त्यावर काट मारून शून्य केलं आणि जाता जाता म्हणाल्या, "तुझं वाटणं घरी ठेवून येत जा. आणि घरीसुद्धा फार वापरू नकोस."

शिंप्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. सूनबाईनंही नाही. पण ते हसणं तिच्या कानात राहिलं. तसं पाहिलं तर घरी रोज काही ना काही चालूच असायचं. कपाट असं लावतात का, पोळी इतकी जाड असते का, दूध कुणी उघडं ठेवलं. मोठ्या बाईंनी सुनेवर कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. त्यांना नुसती जीभ पुरायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, दिवसभर लोकांच्या इमारतीत अडकलेली माणसं सोडवायचा. घरात मात्र म्हणायचा, "अगं, आईचा स्वभावच तसा आहे. मनाला लावून घेऊ नकोस." पंधरा वर्षं हेच एक वाक्य.

त्या बुधवारी सव्वाअकराला मोठ्या बाईंना व्हीलचेअरवरून खाली इमर्जन्सीत आणलं. मागे नर्सच्या नव्या पोरी, घाबरून पांढऱ्या पडलेल्या. वर्गात शिकवताना बाईंच्या उजव्या हातातलं पेन पडलं. उचलायला गेल्या आणि खुर्चीत कलल्या.

"कधी झालं?" सूनबाईनं विचारलं.

"पेन अकरा दहाला पडलं, सिस्टर. पण त्याआधी..." एक पोरगी चाचरली. "त्याआधी चार-पाच मिनिटं बाई तीच तीन वाक्यं म्हणत होत्या. दार लावून घे, तो कामावरून लवकर घरी आला. परत परत. आम्हाला वाटलं घोकून घेतायत. म्हणून आम्ही पण मागून म्हणत होतो."

ड्युटीवरचा डॉक्टर नुकताच लागलेला, कोवळा पोरगा. तो म्हणाला, "सिस्टर, तुमच्या सासूबाई ना या? दुसऱ्या कुणाला..."

दुसरं कुणी नव्हतं. ही परीक्षा घ्यायचं सर्टिफिकेट असलेली दुसरी सिस्टर रजेवर होती. घड्याळ चालू होतं. सीटी स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव नव्हता. म्हणजे इंजेक्शन देता येणार होतं, आकडा तसा आला तर.

सूनबाई खाटेशी उभी राहिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्या बाई आडव्या होत्या आणि ती उभी.

"महिना कोणता?"

बाईंनी महिना बरोबर सांगितला. वय विचारल्यावर सदुसष्टऐवजी एकसष्ट म्हणाल्या. एक मार्क. तोंड उजवीकडे जरासं ओघळलं होतं, त्याचा एक. पुढचं विचारायच्या आधीच बाई स्वतः बोलू लागल्या, "डोळे मिटा. उघडा. मूठ वळा. सोडा." आणि बोलत बोलत तसं करतही गेल्या. दारात उभ्या असलेल्या मावशींना हसू फुटलं. "बघा, खाटेवर पडून पण परीक्षा ह्याच घेतायत!" डॉक्टरही हसला. सगळ्यांना हायसं वाटलं. दहा मोजेपर्यंत उजवा हात थोडा खाली आला, त्याचा एक. पाय ठीक होता.

मग कार्डं. किल्ली, खुर्ची, पीस, कात्री, हातमोजा. बाईंनी कार्ड नीट समोर यायच्या आत पाचही नावं सांगून टाकली. शिडीवरचा माणूस, कलंडलेला डबा, मांजर, सगळं चित्र वर्णन झालं. तीन वाक्यं झाली. एक अक्षर अडखळलं नाही.

बोलण्याला शून्य. एकूण तीन. डॉक्टर फोन लावायला टेबलाकडे गेला आणि मावशी पोरींना घेऊन बाहेर पडल्या.

सूनबाईनं पेन टेकवलं आणि थांबली. तिला सकाळची घाई आठवली आणि ती सहज, अगदी घरातल्यासारखं बोलून गेली, "आई, निघताना गॅस बंद केलात ना?"

मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तो..." त्या म्हणाल्या. "तो कामावरून लवकर घरी आला."

"गॅस, आई. गॅस."

"पीस," बाई म्हणाल्या. मग जोर लावून, कपाळाला आठ्या घालून, "ते... ते... कात्री."

सूनबाईला त्याच क्षणी कळलं. यात शंका ठेवायला जागाच नाही, तिला कळलं. आतली सगळी भाषा वाहून गेली होती आणि हजारदा घोटलेली ही परीक्षा, ही कार्डं तेवढी वर तरंगत होती. दुसऱ्या कुठल्याही पेशंटला या कार्डांनी उघडं पाडलं असतं. एकट्या मोठ्या बाईंना त्यांनी झाकून टाकलं.

फोन लागला. शहरातले डॉक्टर घाईत होते. "स्कोअर?"

"तीन."

"फोड सांगा."

तिनं सांगितली. "वय चुकलं एक, चेहरा एक, उजवा हात एक."

"बोलणं?"

"शून्य."

"तीनला आपण इंजेक्शन देत नाही, अपंग करणारं काही असल्याशिवाय. बोलता येतंय ना नीट?"

सूनबाईनं खाटेकडे पाहिलं. मोठ्या बाईंची नजर तिच्यावरच होती. "कार्ड पूर्ण म्हटलं," ती म्हणाली.

"छान. आणखी काही सांगण्यासारखं?"

'मला वाटतं' एवढे दोनच शब्द लागत होते. ते तिच्या तोंडापर्यंत आले, आणि त्यांच्याबरोबर नऊ वर्षांपूर्वीचं हसणंही आलं, माहेरून आणलेला मार्क आला, घरीसुद्धा फार वापरू नकोस आलं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक विचार होता, इतका बारीक की तो नव्हताच असं तिला पुढे कितीदा तरी म्हणता आलं असतं: राहू दे जरा ही जीभ गप्प.

"नाही," सूनबाई म्हणाली.

"मग नेहमीच्या गोळ्या सुरू करा. दर तासाला स्कोअर घ्या. वाढला तर लगेच फोन."

ती दर तासाला स्कोअर घेत राहिली. एक वाजता तीन. दोन वाजता तीन. दोनच्या वेळी पडदा ओढलेला होता आणि दोघीच होत्या. बाईंनी डाव्या हातानं खाटेचा कठडा घट्ट धरला होता. "आई, पाणी हवंय?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "खुर्ची." आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत भीती उतरली, कारण आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं. बाईंनाही भीती वाटू शकते हे सूनबाईनं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाईट वाटलं. पण नुसतं वाईट वाटलं असतं तर तिनं फोन उचलला असता. तिला बरंही वाटत होतं, आणि ते बरं वाटणं अजून जरा पुरवून घ्यावंसं वाटत होतं. नियम तर बाईंचाच होता, मग चाखू दे त्यांनाही. तिनं कार्डं धरली, बाईंनी ती म्हटली, तिनं शून्य लिहिलं.

तीन वाजता तिनं पुन्हा तीनच लिहिले. साडेचार तास पुरे व्हायला त्या वेळी अजून पस्तीस मिनिटं शिल्लक होती.

सव्वाचारला नवरा आला, अंगावर कंपनीचा ग्रीस लागलेला शर्ट. कामावर फोन खालीच राहिला होता, निरोप उशिरा कळला. "आई, अगं काय झालं?" त्यानं आईचा हात धरला. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "किल्ली." मग, "रेडिओवर. रेडिओवर काल." आणि हुंदके देऊन रडायला लागल्या.

नवऱ्याला मार्क माहीत नव्हते, नियम माहीत नव्हता, कार्डं माहीत नव्हती. त्याला एका वाक्यात समजलं. "हिला बोलता येत नाहीये," तो म्हणाला. "अगं, हिला बोलताच येत नाहीये!"

डॉक्टर धावत आला. या वेळी सूनबाईनं कार्डं बाजूला ठेवली आणि साधं बोलून तपासलं. तिनाचे सहा मार्क झाले. तिनं फोन लावला.

"दुपारपर्यंत बोलणं शून्य होतं ना?" शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं. "म्हणजे आत्ता वाढलंय. आणि पहिल्या झटक्यापासूनची वेळ तर गेली."

"हो," ती म्हणाली. "आत्ता वाढलंय."

आतापर्यंत तिनं काही लपवलं असेल, पण खोटं असं हे पहिलंच बोलली. फार सहज बोलली.

हॉस्पिटलनं चौकशी केली, करावीच लागते. मोठ्या साहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "रेकॉर्ड चोख आहे. नियमाला धरून आहे. तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका, सूनबाई." चौकशीसाठी कपाटातली मूळ पुस्तिका काढावी लागली. कितीतरी वर्षं ती कुणी उघडली नव्हती, कारण सगळ्यांना सगळं मोठ्या बाईंच्या तोंडून पाठ होतं. सूनबाईनं बोलण्याचं पान उघडलं. तिथे छापलं होतं: कार्डांबरोबरच संपूर्ण तपासणीत रुग्ण जे जे बोलला, ते सगळं धरून मार्क द्यावा. त्या ओळीवर पेन्सिलनं काट होती, आणि समासात बाईंचं टपोरं अक्षर: 'फक्त कार्ड. पोरी गप्पा मारत बसतात.'

हे पान साहेबांना दाखवलं असतं तर सगळा दोष बाईंच्या माथी आला असता, तोही त्यांच्याच अक्षरात. सूनबाईनं पुस्तिका मिटून परत कपाटात ठेवली. हा चांगुलपणा होता असं कुणी समजू नये. त्या पानानं तिची सुटका होत नव्हती. नियम चुकीचा होता हे तिला नंतर कळलं. बाईंना बोलता येत नाही हे आधीच कळलं होतं.

बाई घरी आल्या. हात सुधारला, चालणं सुधारलं, पण कार्डावरचे ते शब्दसुद्धा महिन्याभरात एकेक करून गेले. उरला नुसता एक 'ह'चा उच्चार, दुखलं तरी तोच आणि हवं असलं तरी तोच. बोलणं शिकवायला येणाऱ्या थेरपिस्टनं नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "त्यांना कळतं सगळं. तुम्ही काय बोलता, कोण काय म्हणालं, सगळं. फक्त बाहेर काढता येत नाही. लिहिणंही गेलंय. पण समज शाबूत आहे, हे विसरू नका."

सूनबाई ते विसरली नाही. तिनं तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली. न्हाऊ घालणं, भरवणं, व्यायाम करून घेणं, सगळं ती एकटी करायची. शेजारपाजारचे म्हणत, अशी सून मिळायला नशीब लागतं. नवरा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू होतीस म्हणून. दुसऱ्या कुणाच्या हाती आई पडली असती तर काय झालं असतं!" असं काही ऐकलं की ती पदराला हात पुसत आत निघून जायची. लोकांना तो विनय वाटायचा.

एका रविवारी दुपारी ती बाईंचे केस विंचरत होती. खिडकीतून ऊन आलं होतं, नवरा बाहेरच्या खोलीत पंखा खोलून बसला होता. सूनबाई समोर आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"आई," ती म्हणाली, "मला त्या दिवशी कळलं होतं."

बाईंनी मान वर केली.

"गॅसचं विचारलं तेव्हाच कळलं होतं. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही आहे का. मी नाही म्हटलं. दोन वाजतासुद्धा कळत होतं. तीन वाजतासुद्धा. इंजेक्शन तेव्हाही देता आलं असतं." तिचा आवाज कापत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. "तुमचा नियम होता म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगते. पण तेवढंच नव्हतं. मला बरं वाटत होतं."

तिनं हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, साहेबांना नाही, बहिणीला नाही. जगात एकाच माणसाला तिला हे सांगता आलं, आणि का आलं तेही बोलता बोलता तिला लख्ख दिसलं. हे माणूस ते कुणाला सांगू शकणार नव्हतं.

मोठ्या बाईंचा चेहरा आधी कोरा राहिला. मग लाल झाला. ओठ हलायला लागले. "ह..." त्या म्हणाल्या. "हह... ह..." डावा हात पुढे आला आणि त्यांनी सुनेचं मनगट पकडलं. त्या ताकदीच्या बाई होत्या, आणि डाव्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. नखं कातड्यात शिरली.

आवाज ऐकून नवरा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच दारात आला. "काय झालं? काय म्हणतेय आई?"

मोठ्या बाईंनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पुन्हा मुलाकडे. मनगट उचलून त्याच्यापुढे धरलं, हलवलं. "ह! हह!" त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"हो गं आई, हो," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले. तो बायकोकडे वळला. "बघितलंस? पंधरा वर्षं तू म्हणायचीस, आईला माझी किंमत नाही. आता बघ. तुझ्याशिवाय पान हलत नाही तिचं. हात सोडवत नाही तिला तुझा."

सूनबाईनं दुसऱ्या हातानं पदर ओढून मनगटावर घेतला, म्हणजे त्याला रक्त दिसणार नाही.

"मी बसते इथे," ती म्हणाली. "तुम्ही जा, पंखा पुरा करा."

तो गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं, दोघींना निवांत बोलता यावं म्हणून.